चौथं पाकीट

४ एप्रिल

प्रिय आत्या,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोन सोडून पत्र लिहितेय, कारण माझा फोन बाबांच्या कपाटात आहे. कुलपात. शाळेचं शेवटचं वर्ष सुरू व्हायच्या आधी डोकं स्वच्छ करायचं म्हणे. कॉलेजांचे अर्ज गेले की तो सुटणार. आणि आईचा फोन घेऊन तुला लावावा, तर तुझे हात सदा पुस्तकबांधणीच्या खळीत बरबटलेले, तू उचलणार आहेस थोडीच.

तर सुट्टी लागायच्या आधी शाळेने आम्हाला एक पिवळा कागद दिलाय. तीन कॉलेजं निवडा, स्वतःबद्दल दोन पानं लिहा, गुणपत्रकांच्या नकला काढा आणि शिफारसपत्र मिळवा. बाकी सगळं जमेल गं. पण शिफारसपत्र देणार कोण, तर कर्कटक सर! मुख्याध्यापक झाले तरी गणित अजून तेच शिकवतात आणि लाकडी कर्कटक हातात घेऊनच व्हरांड्यातून फिरतात. बाकीच्या जगात हे सगळं कॉम्प्युटरवर होतं. आमच्याकडे कॉम्प्युटर सरांच्या उंबरठ्याबाहेर उभा आहे, आत यायची छाती नाही त्याची. सर पत्र हाताने लिहितात, त्याच्या चार प्रती करतात, चार पाकिटांत घालून चिकटवतात आणि जोडावर अशी सही ठोकतात की अर्धी झाकणावर, अर्धी खाली. कुणी उघडलं तर सहीचे दोन तुकडे पुन्हा जुळत नाहीत आणि कॉलेजवाले ते पत्र फेकून देतात. तीन कॉलेजांना तीन, चौथं अडीअडचणीला. आत काय लिहिलंय ते आपल्याला कधीच कळायचं नाही.

तू पण त्यांच्याच हाताखाली शिकलीस ना? बाबांना विचारलं तर म्हणाले, "आत्याला त्यातलं काही विचारू नकोस." म्हणून लगेच विचारतेय. सरांना खूश कसं करायचं? मला पूल बांधायला शिकवतात त्या लांबच्या कॉलेजला जायचंय. त्याचं नाव काढलं की बाबा पेपरात तोंड खुपसतात. वर म्हणतात, "पाकिटं मिळाली की माझ्याकडे दे, मी टाकतो पोस्टात. तू अभ्यास कर."

तुझी,
भिंगरी


११ एप्रिल

भिंगरे,

तुझं पत्र आलं तेव्हा मी एका प्रबंधाच्या पुठ्ठ्याला कापड लावत होते. वाचून झालं आणि बघते तर कापड उलटं लावलेलं. कर्कटकाचं नुसतं नाव निघालं तरी माझा हात असा चुकतो.

त्यांना खूश कसं करायचं ते मला विचारतेस? मी त्यांना नाखूश कसं केलं ते ऐक. आमच्या वर्गावर तपासनीस आले होते. सर फळ्यावर मोठं उदाहरण सोडवत होते आणि तिसऱ्या ओळीत चुकले. मी उभी राहिले आणि म्हटलं, "सर, तिथे वजा हवं." सरांनी खडू माझ्या हातात दिला, "सोडव" म्हणाले. मी सोडवलं. त्यानंतर आठ दिवस ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत.

त्याच वर्षी मी आणि तुझा बाप एकत्र अर्ज करत होतो. दादा माझ्याहून एका वर्षाने मोठा, पण काविळीने त्याचं एक वर्ष बुडालं आणि आम्ही एका वर्गात आलो. घरात ठरलेलं होतं, परगावी शिकायला दोघांपैकी एकालाच पाठवायचं. ज्याला चांगलं कॉलेज मिळेल त्याला. अर्ज आम्ही आधीच पाठवले होते. सरांची पाकिटं मागून मिळाली. दादाची तीन आणि माझी तीन, सहाही एकदम घेऊन दादा सायकलवर पोस्टात गेला. चौथं मी जवळ ठेवलं.

महिन्याने दादाला दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. मला तिन्हीकडून एकच ओळ, 'आपला अर्ज विचारात घेता आला नाही.' मी भिंतीकडे तोंड करून बसले होते. माझ्याजवळ येऊन बसला तो दादाच. म्हणाला, "त्या तपासनिसाचा राग काढला असेल गं सरांनी पत्रात." तोवर मला ते सुचलंही नव्हतं. मग मात्र सगळं लख्ख झालं.

गणितात वर्गात पहिली होते मी, भिंगरे. आज मी दुसऱ्यांचे प्रबंध बांधते. बांधता बांधता वाचते आणि त्यातल्या चुका मला दिसतात. एकतीस वर्षं झाली, त्या माणसाच्या नावाने बोटं मोडल्याशिवाय मी खळीचं पातेलं चुलीवर चढवलेलं नाही. चौथं पाकीट अजून माझ्या पेटीत आहे, न उघडलेलं. उघडलं की माझं सतराव्या वर्षीचं वाटोळं त्यांच्या अक्षरात वाचावं लागेल, म्हणून उघडलं नाही. पण फेकलंही नाही. पुरावा आहे तो.

आणि आता ऐक गंमत. सर जूनमध्ये निवृत्त होतायत. माजी विद्यार्थी त्यांचा गौरवग्रंथ काढतायत, तीनशे प्रती. छापखानेवाल्याने बांधणीचं काम कुणाला दिलं असेल? त्याला बिचाऱ्याला काय माहीत! तीनशे गौरवग्रंथांत, पहिल्याच लेखाच्या आधी, मी ते पत्र छापून शिवणार आहे. स्तुतीच्या ढिगावर त्यांचीच करणी. समारंभात सगळे एकदम पान उलटतील.

तुझं एक काम आहे. तुला पाकिटं मिळाली की एक माझ्याकडे पाठव. ओला टीपकागद ठेवून मी ते असं उघडेन आणि असं मिटेन की सहीला कळणार नाही. नक्कल तुझ्या हातात ठेवते. बघू या, माझ्या भाचीच्या नावाने काय खडे फोडलेत ते.

आत्या


२० एप्रिल

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढं सगळं झालं आणि मला कुणी सांगितलं नाही! आत्याला अभ्यासाची आवड नव्हती, असंच ऐकत आलेय मी. आता मी तुझ्या बाजूने आहे, पूर्ण.

काल सरांच्या खोलीत गेले. खोलीत खडूच्या डब्यांचा वास, टेबलावर काच, काचेखाली जुन्या वर्गांचे फोटो. मला वाटलं गुण विचारतील. त्यांनी विचारलं, "तू स्वतः चुकलीस आणि मग सुधारलंस, अशी एक गोष्ट सांग." मी गेल्या वर्षीच्या पुलाच्या प्रतिकृतीचं सांगितलं, प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी कोसळली होती ती. ते लिहून घेत होते. मग वर न बघता म्हणाले, "तुझ्या आत्यानं शेवटी कुठलं कॉलेज घेतलं? ती कळवायला आली नाही."

आत्या, मला वाटलं समोरची शाईची बाटली उचलून त्यांच्या शर्टावर ओतावी! स्वतःच वाट लावायची आणि वर विचारायचं. मी नुसतं "माहीत नाही सर" म्हटलं आणि बाहेर आले.

आठवड्याने पाकिटं मिळतील. मिळाली की एक तुझ्याकडे.

भिंगरी


२ मे

भिंगरे,

'कळवायला आली नाही.' वा! हे वाक्य मी पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहून समोर टांगलंय. काम करताना वर बघते आणि हात झपाझप चालतो.

गौरवग्रंथाचे छापील फर्मे आले. कामावरच्या बायका घड्या घालतायत, मी शिवायला बसलेय. एकेक लेख डोळ्याखालून जातोय आणि मळमळतंय. सर म्हणजे दीपस्तंभ, सर म्हणजे वटवृक्ष. एकाने तर सरांच्या छत्रीवर दीड पान लिहिलंय. सगळ्यात पुढे तुझा बाप, माजी विद्यार्थी मंडळाचा अध्यक्ष. त्याच्या लेखाचं नाव 'एका शिफारशीने घडलेला माणूस'. त्यात लिहितो, 'सरांनी दिलेली पाकिटं घेऊन मी पोस्टाच्या पेटीसमोर उभा होतो, तेव्हा माझे हात थरथरत होते.' भावनाप्रधान झालाय दादा. लहानपणी याच्या डोळ्यात कांदा चिरतानासुद्धा पाणी यायचं नाही.

दोन खास प्रती कापडी बांधणीच्या करायच्या आहेत. एक सरांना, एक अध्यक्षांना, ज्यातून तो व्यासपीठावर आपला लेख वाचणार. जूनच्या वीस तारखेला समारंभ. माझं जास्तीचं पान छापायला पंचवीस मेच्या आत द्यायला हवं. तुझं पाकीट कुठंय?

आत्या


९ मे

प्रिय आत्या,

पाकिटं मिळाली, पण बाबांनी हातातून घेतली आणि कपाटात ठेवली.

मला तीन गोष्टी सांग आणि का विचारतेस ते विचारू नकोस. तुझी पाकिटं कसल्या रंगाची होती? त्यांच्यावर तुझं नाव कुणी लिहिलं होतं, तू की सरांनी? आणि बाबा ती पोस्टात टाकायला गेले तेव्हा तू बरोबर होतीस का?

चौथं पाकीट मात्र छापायला देऊ नकोस. आधी उघड आणि वाच. एवढं ऐक माझं.

भिंगरी


१४ मे

भिंगरे,

तुझ्या बापाने तुला गाठलेलं दिसतंय. 'सरांची बदनामी नको, आपल्याला अजून त्यांच्याकडून काम आहे,' असंच काहीतरी सांगितलं असणार. तो नेहमीच समजूतदार होता. आधीच्या पत्रात तू वाघीण होतीस, आता मांजर झालीस.

तरी उत्तरं देते. पाकिटं तपकिरी. नाव सरांनीच लिहिलं होतं, हिरव्या शाईने, ते अजूनही हिरव्यानेच लिहीत असतील. मी बरोबर नव्हते. मी दारात उभी होते, दादाने सायकलवरून हात केला आणि कोपऱ्यावरून वळला.

आणि पाकीट मी छापायच्या दिवशीच उघडेन. आत काय आहे ते मला पाठ आहे.

आत्या


१७ मे

प्रिय आत्या,

या पत्राबरोबर एक जाड पुडकं आहे. ते उघडायच्या आधी खाली बस.

तू माझं एक पाकीट मागितलं होतंस, म्हणून मी ते चोरायचं ठरवलं. कपाटाची किल्ली बाबा जुन्या बुटात ठेवतात. आठ तारखेला ते कामावर गेले, आई मावशीकडे गेली आणि मी कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात माझा फोन, माझी चार पाकिटं. ती काढताना त्यांच्या मागे बाबांच्या गुणपत्रकांची फाइल होती, ती कलंडली. फाइलीच्या पोटातून तीन पाकिटं पडली. तपकिरी, कडा पिवळ्या पडलेल्या. हिरव्या शाईत तुझं नाव. खाली तीन कॉलेजांचे पत्ते. मागे जोडावर सरांची सही, अर्धी वर, अर्धी खाली. सही एका रेषेनेही हललेली नाही. तिकिटं लावलेली, पण त्यांच्यावर पोस्टाचा शिक्का नाही.

मला वाटलं मी चुकतेय. दुसऱ्या कशाची तरी पाकिटं असतील. म्हणून तुला ते तीन प्रश्न विचारले. तू उत्तरं दिलीस आणि मी पुडकं बांधायला घेतलं.

ती कुठे गेलीच नाहीत, आत्या. कॉलेजांनी तुझा अर्ज विचारात घेतला नाही कारण तो अर्धाच होता. सायकल कोपऱ्यावरून वळली ती पोस्टाकडे गेलीच नाही, किंवा गेली आणि बाबांनी सहातली तीनच टाकली.

मला मांजर म्हणालीस ना? तीनही पुडक्यात आहेत. बाबांना अजून कळलेलं नाही. माझं पाकीट मी उघडायला पाठवत नाही. ते आहे तसं राहू दे.

भिंगरी


२२ मे

भिंगरे,

मांजर म्हटलं त्याबद्दल माझा कान धर.

दोन दिवस मी काही केलं नाही. बायकांना वाटलं मला ताप आहे. ती तीन पाकिटं समोर मांडून मी बसून होते. दादाने तिकिटं लावली होती बघ, अगदी सरळ, चारी कोपरे नीट दाबून. म्हणजे घरातून निघेपर्यंत टाकायचीच होती त्याला. मग कुठे फिरला तो? कोपऱ्यावर? पेटीसमोर?

तिसऱ्या दिवशी चौथं पाकीट काढलं. ओला टीपकागद ठेवला. हजारो कागद सोडवले असतील मी, पण या वेळी झाकण सुटलं तेव्हा मला बघवेना. पत्र पाचच ओळींचं आहे. जसंच्या तसं उतरवते:

'या विद्यार्थिनीने तपासनिसांसमोर माझी चूक दाखवली. मला राग आला, तो आठ दिवस टिकला. नवव्या दिवशी मी तिच्या चार वर्षांच्या वह्या मागवून पाहिल्या. माझ्या सात वर्षांच्या नोकरीत, बरोबर काय ते सांगण्यासाठी उभी राहिलेली ही एकटीच. हिला आपण प्रवेश नाकारलात तर चूक आपली असेल, आणि ती दाखवायला मी स्वतः येईन.'

वाचलंस? रडले गं मी. मोठ्याने, बायकांसमोर. एकतीस वर्षं मी एका भल्या माणसाला रोज शिव्या घातल्या आणि ज्याने केसाने गळा कापला त्याला दर वर्षी वाढदिवसाला पत्र पाठवलं. वर तो मला समजवायला बसला होता! 'सरांनी राग काढला असेल.' माझ्या जखमेवर हात ठेवायचा म्हणून त्याने दुसऱ्याच्या नावाची पट्टी बांधली. पाकिटं ठेवून घेतली, ती एक वेळ मी समजले असते. सतरा-अठरा वर्षांचा होता, भ्याला असेल. पण ते वाक्य मी सोडणार नाही.

फर्मे माझ्याकडेच आहेत. दोरा माझ्याकडे आहे. सूड तोच, फक्त पान पुढे सरकलंय. पहिल्या लेखाआधी नाही आता. तुझ्या बापाच्या लेखाच्या आत.

आत्या


२९ मे

प्रिय आत्या,

तीनशेच्या तीनशे प्रतींत घाल. एकही सोडू नकोस.

मी रोज त्यांच्यासमोर जेवायला बसते. ते आरशासमोर उभं राहून लेखाचा सराव करतात. 'माझे हात थरथरत होते' इथे थांबतात, चष्मा काढतात, पुसतात, मग पुढचं वाक्य. आईला विचारतात, थांबणं जास्त होतंय का. काल मला म्हणाले, "लांबच्या कॉलेजचं बघू, आधी जवळच्यांची पाकिटं मी टाकून येतो." मी म्हटलं, "घाई काय आहे?" माझा आवाज कसा लागला कोण जाणे, ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले.

माझे बाबा आहेत, मला माहीत आहे. मला सायकल त्यांनीच शिकवली. म्हणून तर जास्त राग येतो.

भिंगरी


५ जून

भिंगरे,

नाही. तीनशे नाही.

तुला त्या घरात अजून वर्षभर राहायचंय, ते एक. पण खरं सांगू? तुझ्यासाठी नव्हे, माझ्यासाठी नाही म्हणतेय. तीनशे लोकांना दिलं की ती गावगप्पा होईल. लोक दोन महिने चघळतील, मग कुणीतरी म्हणेल की जाऊ द्या, लहान होता. मला ते वाटून टाकायचं नाहीये. मला ते त्याचं एकट्याचं हवंय.

म्हणून एकाच प्रतीत. अध्यक्षांच्या. त्याच्या लेखाचं पहिलं पान उलटलं की डाव्या हाताला 'हात थरथरत होते' आणि उजव्या हाताला सरांचं पत्र, मूळचं, हिरव्या शाईतलं. असं शिवलंय की फाडायला गेला तर त्याचा स्वतःचा लेख सुटून येईल. मागच्या पुठ्ठ्याच्या आत एक खिसा केलाय, आपण नकाशांसाठी करतो तसा. त्यात तीन पाकिटं. खिसा जरा सैलच ठेवलाय.

एकतीस वर्षांत इतकी सुबक बांधणी मी केलेली नाही. तू पहिल्या रांगेत बस आणि मला सगळं कळव, एक पापणी हललेलीसुद्धा.

आत्या


२१ जून

प्रिय आत्या,

घे, सगळं.

हॉल भरलेला होता. सर खुर्चीत बसलेले, गळ्यात हार, हातात कर्कटक नाही म्हणून हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. बाबा माइकसमोर आले. नवा कोट. तिथेच हातात मिळालेलं पुस्तक उघडलं, पहिलं पान छान वाचलं, लोक दोनदा हसले. मग पान उलटलं.

'सरांनी दिलेली पाकिटं घेऊन मी पोस्टाच्या पेटीसमोर उभा होतो, तेव्हा माझे हात...' आणि थांबले. सगळ्यांना वाटलं गहिवरले. मागे कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते. डोळे उजवीकडे गेले, परत डावीकडे आले, परत उजवीकडे. चष्मा काढला, पण पुसला नाही. आत्या, त्यांचे हात खरोखर थरथरत होते. पुस्तक वाकडं झालं आणि मागून एकेक करून तीनही पाकिटं घसरली आणि सरांच्या पायाशी पडली.

सरांनी वाकून उचलली. नाव वाचलं. उलटी केली. अंगठ्याने सहीवरून हात फिरवला, जोड फुटलाय का बघतात तसा. तीनदा, तीन पाकिटांवर. मग बाबांकडे बघून, वर्गातल्या आवाजात म्हणाले, "पुढे वाच."

बाबा उभेच.

"पुढे वाच," सर म्हणाले.

माइकमधून बाबांचा नुसता श्वास ऐकू येत होता. मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि ते खाली उतरले. लोकांनी केवढ्या टाळ्या वाजवल्या! शेजारच्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, "किती हळवे आहेत गं तुझे बाबा."

मला वाटलं होतं मला मजा येईल. थोडी आली, खोटं का बोलू. पण घरी जाताना बाबा गाडी इतकी हळू चालवत होते की मागचे भोंगे वाजवत होते, तेव्हा नाही आली.

समारंभ संपल्यावर सरांनी ती पाकिटं बाबांच्या हातात परत दिली. माझ्याकडून तुझा पत्ता लिहून घेतला.

घरी आल्यावर बाबांनी कपाट उघडलं, माझा फोन आणि माझी चार पाकिटं टेबलावर ठेवली. म्हणाले, "किल्ली कुठे असते ते तुला माहीत आहे तर." एवढंच. मी फोन वापरत नाहीये. तुला पत्रच लिहीन.

भिंगरी


१० जुलै

भिंगरे,

आधी सरांचं. कार्ड आलं, हिरव्या शाईत, दोन ओळी. 'तिथे वजाच हवं होतं. प्रवेशाचं विचारायला मीही आलो नाही, ही माझी दुसरी चूक.' मी ते समोरच्या पुठ्ठ्यावर टांगलंय, 'कळवायला आली नाही' हे जुनं वाक्य काढून. एकतीस वर्षांच्या शिव्या मी त्यांना पत्रात कळवल्या आणि सगळ्याच्या सगळ्या मागे घेतल्या.

परवा दादा आला. न सांगता. बायका जेवायला गेल्या होत्या. दारात उभा राहिला, काखेत ते पुस्तक. मी काम थांबवलं नाही. त्याने पुस्तक खळीच्या पातेल्याशेजारी ठेवलं. मग म्हणाला, "तुला मिळालं असतं. तुला तिन्हीकडे मिळालं असतं आणि मी घरी बसलो असतो. पेटीत माझी टाकली आणि तुझी टाकायला हात उचलला, तो उचललाच गेला नाही. वाटलं, उद्या टाकू. रोज वाटायचं."

"आणि सरांचं नाव का घेतलंस?"

त्यावर तो रडला. कांद्याने न रडणारा माणूस रडला. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

"मी आता काय करू?" म्हणाला.

मी हात धुतले, पदराला पुसले आणि त्याच्या पुस्तकाच्या खिशातून तीन पाकिटं काढून त्याच्या हातात दिली. म्हटलं, "टाक." त्याला कळेना. म्हटलं, "पत्ते आहेत, तिकिटं आहेत. पेटी आहे कोपऱ्यावर. तेव्हा मी दारातून हात केला आणि आत गेले, ती माझी चूक. आज पेटीपर्यंत येते."

आम्ही चालत गेलो. पेटीसमोर तो थांबला. माणसं ये-जा करत होती. मी म्हटलं, "मोठ्याने वाच आधी, नाव." त्याने माझं नाव वाचलं, तीन वेळा, तीन पाकिटांवरचं. मग एकेक टाकलं. तिसरं आत पडल्याचा आवाज येईपर्यंत मी हलले नाही.

त्याने माझ्याकडे बघितलं, आता झालं ना, अशा नजरेने. नाही झालं. मी त्याला माफ केलेलं नाही, भिंगरे, आणि करेन असं वाटत नाही. पण त्या दिवशी खळ चढवताना मी कुणाच्या नावाने बोटं मोडली नाहीत. हात मोकळे होते.

तुझी पाकिटं तू सांभाळ.

आत्या


१२ सप्टेंबर

प्रिय आत्या,

अर्ज गेले होते, आज सरांची पाकिटं टाकायची होती. तिन्हींवर पत्ते लिहिले, सगळ्यात वर पुलांच्या कॉलेजचं. मी बूट घालत होते तर बाबा गाडीची किल्ली घेऊन दारात आले. म्हणाले, "दे, मला त्याच बाजूला जायचंय." त्यांनी हात पुढे केला होता. हात रिकामा, तळवा वर, अगदी साधा.

मी त्या हाताकडे बघितलं. त्यांनीही बघितलं. मग त्यांनीच तो मागे घेतला आणि खिशात घातला.

मी चालत गेले, आत्या. तिन्ही मी स्वतः टाकली. वळून बघितलं तेव्हा बाबा कोपऱ्यावर उभे होते. त्यापुढे आले नाहीत.

भिंगरी